मदत हवी आहे: आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटीच्या ईएससीचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं, टायमिंग (मोटरच्या कॉइलना करंट किती अंश आधी द्यायचा ते) किती ठेवू?

बोटीत चार पोलची, 2000 केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला 2000 फेरे) ब्रशलेस इनरनर (आतला भाग फिरणारी) मोटर आहे, रोटरची स्थिती सांगणारा सेन्सर नाही. बॅटरी 4 एस (चार सेल एकापुढे एक जोडलेली) लिपो, ईएससी 120 अँपिअरचा, मोटर आणि ईएससी दोन्हींना पाण्याचं कूलिंग.

टायमिंग 7.5 अंशांवर असताना उभ्या बोटीला एकदम फुल थ्रॉटल दिला की मोटर अर्धा सेकंद किरकिरते, अडखळते, मग पळते. 15 अंशांवर अडखळणं पूर्ण थांबलं, वेगही वाढला. पण तीन मिनिटांत मोटरला हात लावता येईना आणि बुलेट कनेक्टरही (वायरी जोडणाऱ्या गोल पिना) तापले. ईएससी मात्र कोमटच.

42 ऐवजी 40 मिमीचा प्रोपेलर लावला, फ्लेक्स शाफ्टला (मोटर आणि प्रोपेलर जोडणारा लवचिक दांडा) ग्रीस दिलं, मोटरच्या तिन्ही वायरींचे सोल्डर नव्याने केले. पाण्याची धार व्यवस्थित पडते. फरक थोडाच, तोही उष्णतेत, 7.5 वरची किरकिर तशीच.

प्रोग्रॅम कार्डवर (ईएससीची सेटिंग बदलायचं साधन) टायमिंगच्या 3.75 अंशांच्या पायऱ्या आहेत. करंट मोजायला लॉगर नाही, फक्त इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. मोटर आणि बॅटरी बदलायची नाही, हे आधीच सांगतो.

11.25 वर जाऊन आणखी लहान प्रोपेलर लावू, की टायमिंग 7.5 वरच ठेवून स्टार्ट मवाळ करू? आणि मिनिटभर पळवून मोटरचं तापमान घेतलं, तर किती अंश सेल्सिअसला थांबायचं?