मदत हवी आहे: मालवणीत ‘आकडी’ कशी विचारू?

मी सोलापूरचा, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. सध्या कुडाळात महिन्यातून एकदा येणाऱ्या, मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांसोबत ओपीडीत बसतो. तपासत नाही, फक्त आधीची माहिती विचारून लिहितो. आणि तिथंच घोडं अडतं.

‘फिट येते का?’ विचारलं की आई ‘नाय’ म्हणते. मग आत डॉक्टर खोदून विचारतात तेव्हा कळतं, सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठलं की एकामागोमाग दहा-बारा वेळा पुढे दुमडतं, हात फेकतं. घरच्यांच्या मते ते ‘दचकता’, नाहीतर ‘पोटात दुखता’. हे इन्फंटाइल स्पाझम (तान्ह्या बाळांना येणाऱ्या आकडीचा एक गंभीर प्रकार) असू शकतात, त्यात उशीर परवडत नाही.

‘आकडी’, ‘फेफरं’ म्हणून पाहिलं. एक आजी चिडल्याच. स्वतः करून दाखवलं तर लोक हसतात (मीही हसलो असतो). पुढच्या वेळी व्हिडिओ आणा सांगतो, पण त्यात महिना जातो. दुसऱ्या बाळाचा व्हिडिओ दाखवायची परवानगी नाही.

उपचारांबद्दल विचारत नाहीये. कुडाळ-सावंतवाडीकडच्यांनी एवढंच सांगा: बाळ असं दुमडतं त्याला, आणि मोठं मूल बोलता बोलता काही सेकंद टक लावून हरवतं त्याला, तुमच्या घरात कोणता शब्द वापरतात?