पद्मिनीचा कार्ब्युरेटर: आधी आकडे ताडून घ्या

दादा, जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी मूळच्यासारखी करताना कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कुठला बसवायचा, यावर ‘कुठलाही सोलेक्स कंपनीचा चालतो, मूळचा कोण बघतंय’ हा सल्ला मला पटला नाही. त्यातल्या मेन जेटवरचा (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा भाग) आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० असेल तर १.२० मिमी. पण मायलेजच्या नादात जेट बदलणारे मिस्त्री आपल्या नाशकातही कमी नव्हते, तेव्हा गाडीत निघालेला जेट पुरावा धरू नका. वर्कशॉप मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडा. पाइपची वळणं, क्लिपांच्या जागा पार्ट्स कॅटलॉगच्या चित्रांत जास्त नीट दिसतात. नाशकातल्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) टाकण्याआधी सगळ्या क्लिपा, बोल्ट जागेवर असतानाच फोटो काढा (तिथून परत येताना सरमिसळ ठरलेली). रबरी होस (नळ्या) मात्र मूळची ठेवायचा हट्ट नको. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं, गाडीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा डायफ्रामही (आतला लवचीक पडदा) त्यातच आला.