सत्तरचे प्लॅटफॉर्म परत आले म्हणे, घोट्याचं काय?

खडीसाखर: काल इथे एका ताईंनी लिहिलं, सत्तरच्या दशकातले प्लॅटफॉर्म, म्हणजे पुढेमागे जाड तळव्याच्या चपला, परत आलेत, 'तेव्हाच्या बायकांना स्टाइल कळायची, आताच्या मुली पैठणीखाली स्नीकर घालतात'. डोकंच फिरलं. माझी आई ७६ साली असल्याच जाड्या चपला घालून दादरला लोकलमधून उतरली आणि पाय मुरगळला, अजून थंडी पडली की घोटा धरून बसते. आणि सत्तरचं सत्तरचं काय लावलंय? १९३८ लाच फेरागामो या इटालियन बूटवाल्याने हॉलिवूडच्या नटी जूडी गार्लंडसाठी इंद्रधनुष्याच्या रंगांचा प्लॅटफॉर्म केला होता. त्याच्या आधी इटलीवर निर्बंध आले, बुटाच्या कमानीत घालायची चांगली पोलादी पट्टी मिळेना म्हणून तो बुचाच्या (कॉर्कच्या) जाड तळव्याकडे वळला. म्हणजे गरज होती बाबा ती. सत्तरवाल्यांनी चाळीसचं उचललं, आपण सत्तरचं उचलतोय. उष्ट्याचं उष्टं.

निळी_छत्री: मग तुम्ही नववारीत फिरता का? फॅशन फिरतेच. आणि प्लॅटफॉर्मला उगाच नावं ठेवू नका, पुढेही दोन इंच जाडी असते म्हणून चार इंची टाच पायाला दोनचीच लागते. स्टिलेटोत, त्या सुईसारख्या टाचेच्या बुटात, सगळा भार चवड्यावर, मी एका लग्नात तीन तास उभी होते, शेवटी स्टेजमागे अनवाणी.

खडीसाखर: पाय दुमडतच नाही ना त्यात! ९३ साली पॅरिसमध्ये मॉडेल नाओमी कॅम्पबेल डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूडचे ते उंच प्लॅटफॉर्म बूट घालून रॅम्पवर धाडकन बसली, ती तर रोज चालून पैसे कमावणारी बाई.

पायताण: सत्तरचं काढलंच आहे तर हिप्पी पोरी कोल्हापुरी घालून हिंडायच्या ते कुणालाच आठवत नाही? २०१९ ला तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०२५ ला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तश्शीच चप्पल दाखवली, आधी कोल्हापूरचं नावसुद्धा नाही. आणि आपण बुचावर भांडतोय.

आळशी_मांजर: आली कोल्हापुरी! चावते हो ती. अंगठ्याजवळ फोड, पावसात पुठ्ठा.

पायताण: पुठ्ठा?? बाजारातली रेक्झिनची घेतली असणार. खरी म्हशीच्या कातड्याची, बाभळीच्या सालीत न् हिरड्यात कमावलेली. तेल पाजायचं, आठ दिवस घरात वापरायची, मग बाहेर. पावसात घालायचीच नसते, एवढं शेंबडं पोरगंपण सांगंल.

आळशी_मांजर: शेंबडं कुणाला म्हणता? मी सांगलीची आहे, आमच्याकडे कापशी, कोल्हापुरीचाच एक प्रकार, घालूनच आजोबा शेतात जायचे, तुम्ही काय शिकवणार.

पायताण: मग आजोबांना विचारायचं होतं फोड कशानं येतो.

निळी_छत्री: अहो विषय बायकांच्या टाचांचा होता, आजोबा कुठून आले.

आळशी_मांजर: आले तर आले. तेल लावायची नाही मी, हे खरंय. पण 'शेंबडं' मागे घ्या.

पायताण: घेतलं. एरंडेल वापरा, खोबरेल नको.

खडीसाखर: माझा धागा होता हा. असो, छत्री, ते पुढच्या दोन इंचांचं बरोबर आहे तुमचं, आईलाच विचारलं. म्हणाली चपलेचा दोष नव्हता, गाडी थांबायच्या आधी उडी मारली होती. पन्नास वर्षं आम्हाला चप्पल सांगत होती.