‘स्ट्रीम’ला समानार्थी शब्द कोणते? याद्या पाठ करण्याविषयी चर्चा

धागाकर्ता

इंग्रजी व्याकरणाच्या मार्गदर्शकांत ‘स्ट्रीम’ या साध्या नामापुढे ब्रुक, क्रीक, रिव्ह्युलेट, बेक, बर्न असे शब्द एका ओळीत छापलेले असतात आणि विद्यार्थी ती ओळ जशीच्या तशी पाठ करतात. ही पद्धत थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या ओळीतील शब्द एकमेकांच्या जागी निर्धास्तपणे ठेवता येत नाहीत आणि ही गोष्ट विद्यार्थ्याला कोणीही सांगत नाही.

मुळात ‘स्ट्रीम’चा अर्थच एक नाही. ओढा हा एक अर्थ झाला आणि प्रवाह हा दुसरा. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहाला ‘गल्फ स्ट्रीम’ म्हणतात, आकाशात फार उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांना ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. या दोन्ही ठिकाणी ‘ब्रुक’ घातले तर वाक्याला काही अर्थच उरत नाही. म्हणजे यादीतील शब्द फार तर एका अर्थापुरते समान आहेत, आणि कोणत्या अर्थापुरते ते यादी सांगत नाही.

त्यातही ‘क्रीक’ सर्वांत घातक. ब्रिटनमध्ये या शब्दाचा अर्थ भरतीचे पाणी जमिनीत शिरते ती अरुंद खाडी असा आहे, आणि इंग्रजांनी तोच अर्थ इकडे आणल्यामुळे ठाणे, वसई, माहीम येथील खाड्या नकाशावर ‘क्रीक’ झाल्या. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मात्र तोच शब्द गोड्या पाण्याच्या ओढ्याला लावतात. तो ओढा लहान असतो असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी अंतर्भागातील कूपर क्रीक हजार किलोमीटरहून लांब आहे, त्याचे पात्र बराच काळ कोरडे असते, आणि बर्क व विल्स हे शोधप्रवासी १८६१ साली त्याच्याच काठी मरण पावले. ठाण्यात राहणाऱ्या मुलाने ‘क्रीक म्हणजे ओढा’ एवढेच पाठ केले, तर घराजवळच्या खाडीचे इंग्रजी नाव त्याला कसे समजणार?

निवृत्त शिक्षक, सातारा

आपल्या मताचा आदर राखून मी पूर्ण विरोध नोंदवतो. शब्द आधी तोंडात बसतात आणि त्यांचे अर्थ वाचनाने हळूहळू पिकत जातात, ही आपल्याकडची जुनी आणि कसाला उतरलेली रीत आहे. अमरकोशात नदीसाठी सरित्, तरंगिणी, शैवलिनी, तटिनी, ह्रादिनी, धुनी, निम्नगा, आपगा अशी नावे ओळीने येतात. शैवलिनी म्हणजे शेवाळ असलेली आणि निम्नगा म्हणजे खालच्या दिशेने जाणारी, हे पाठ करणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी ठाऊक नसते. तरीही ते श्लोक पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले आणि त्यावर पुढे मोठे काव्यज्ञान उभे राहिले.

इंग्रजांनीही असाच कोश केला. पीटर मार्क रोझे या वैद्याने १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात शब्दांच्या व्याख्या नाहीत. जवळच्या अर्थाचे शब्द कल्पनांच्या गटांत मांडलेले आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाकडे इंग्रजी शब्दांची गंगाजळी मुळातच थोडी असते. आपण म्हणता तशी प्रत्येक शब्दाची प्रांतवार छाननी करीत बसलो, तर तो दहावीपर्यंत पाच शब्दही शिकणार नाही.

धागाकर्ता

अमरकोशाचा दाखला मला मान्य आहे, पण तो येथे लागू पडतो असे मला वाटत नाही. तटिनी किंवा तरंगिणी हा शब्द स्वतःच आपला अर्थ सांगतो, कारण तट आणि तरंग हे शब्द मराठी मुलाच्याही ओळखीचे असतात. ‘बेक’ आणि ‘बर्न’ यांत त्याला धरायला काहीच मिळत नाही. रोझे यांनी व्याख्या दिल्या नाहीत, कारण ते ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांना ते शब्द आधीपासून माहीत होते. नेमका शब्द आठवत नसेल तर तो सापडावा, एवढ्यासाठी तो कोश होता. नवशिक्याच्या हाती तीच मांडणी दिली की तो शब्द निवडत नाही, उचलतो.

यॉर्कशायरमध्ये स्थायिक

मला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटत नाही. येथे ओढ्याला सर्रास ‘बेक’ म्हणतात, कारण हजारएक वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून येऊन वसलेल्या लोकांच्या बोलीतून तो शब्द राहिला. उत्तरेला नॉर्थंबरलंड आणि स्कॉटलंड येथे गेले की त्याच प्रकारच्या ओढ्याला ‘बर्न’ म्हणतात. १३१४ सालच्या प्रसिद्ध लढाईचे बॅनकबर्न हे नाव त्यातलेच आहे. या दोहोंत पाण्याचा, रुंदीचा, खोलीचा कोणताही फरक नाही, फरक केवळ मुलखाचा आहे, जसा सिंधुदुर्गातला व्हाळ आणि देशावरचा ओढा. त्यामुळे खरे समानार्थी शब्द नसतातच, हे धागाकर्त्यांच्या लेखनातून सूचित होणारे मत मला अतिरेकी वाटते.

मात्र दक्षिण इंग्लंडमधला ‘बोर्न’ पाहा. मुळात तो ‘बर्न’चाच भाऊ, पण डॉर्सेटसारख्या चुनखडीच्या प्रदेशात तो हिवाळ्यात भूजल वर आले की वाहणारा आणि उन्हाळ्यात आटणारा ओढा झाला. ‘विंटरबोर्न’ हे नाव तेथील कित्येक गावांना आहे. मूळ एकच असूनही अर्थ वेगळे झाले, आणि बेक-बर्नची मुळे वेगळी असूनही अर्थ एकच राहिला. हे विद्यार्थ्याला सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि तेवढी दोन मिनिटे कोणत्याही शाळेत मिळू शकतात.

भाषांतरकार

माझा अनुभव धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. कच्छच्या किनाऱ्यावरील ‘सर क्रीक’वरून भारत आणि पाकिस्तान यांच्यात सीमेचा वाद आहे, आणि तो वाद भरती-ओहोटीच्या, पात्र बदलणाऱ्या खाडीतून रेषा कोठून जावी याचा आहे. त्या बातमीत कोणी यादीवर विसंबून ‘ओढा’ लिहिले, तर वाद कशाविषयी आहे हेच वाचकाला कळणार नाही. उलट अमेरिकेतील एखाद्या शेतावरच्या ‘क्रीक’ला ‘खाडी’ म्हटले, तर समुद्रापासून शेकडो कोस दूर भरती येऊ लागेल. अमेरिकी यादवीतील १८६१ सालची पहिली मोठी लढाई ज्या ओढ्यावरून ओळखली जाते, त्याचे नाव ‘बुल रन’ आहे, आणि तेथे ‘रन’ म्हणजे ओढाच. हा शब्द तर आपल्या याद्यांत नसतोही.

निवृत्त शिक्षक, सातारा

‘क्रीक’विषयीचा आक्षेप मी मान्य करतो, त्या शब्दाशेजारी देशाचे नाव छापलेच पाहिजे. पण यादीच काढून टाकावी, हे मला अजूनही पटलेले नाही. ‘रिव्हर’ आणि ‘रिव्ह्युलेट’ हे शब्द माझ्या विद्यार्थ्यांनी एका ओळीत पाहिले, म्हणूनच त्यांना प्रश्न पडला की दुसरा हा पहिल्याचा लहान भाऊ आहे का. तो तसा नाही. ‘रिव्हर’च्या मुळाशी काठ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, तर ‘रिव्ह्युलेट’च्या मुळाशी ओहळ या अर्थाचा. काठावरून नदीला नाव मिळाले, हे ऐकताच एका मुलीने आपणहून ‘तटिनी’ म्हटले. शब्द शेजारी मांडलेले नसते, तर तो प्रश्नही पडला नसता आणि ते उत्तरही आले नसते.

आता मला धागाकर्त्यांना एक व्यावहारिक प्रश्न विचारायचा आहे. परीक्षेत ‘स्ट्रीम’चा समानार्थी शब्द म्हणून विद्यार्थ्याने ‘क्रीक’ लिहिले, तर आपण गुण द्याल की कापाल?

धागाकर्ता

गुण देईन, कारण अमेरिकी वापराप्रमाणे ते उत्तर बरोबर आहे. मात्र प्रश्न मी तसा विचारणार नाही. एक पूर्ण वाक्य देईन, त्यात ते पाणी कोणत्या देशातले आहे आणि खारे आहे की गोडे, हे समजण्याइतका मजकूर ठेवीन, आणि रिकाम्या जागी कोणता शब्द बसेल ते विचारीन.