चहानं भाजलं, तिसऱ्या दिवशी ताप आणि अंग लाल

चिऊची आई: मुलगी दीड वर्षाची. परवा तिनं चहाचा कप ओढला, छातीवर आणि दंडावर भाजलं. लगेच मलमपट्टी करून आणली. आज सकाळपासून ताप १०३, दोन उलट्या, चार जुलाब. सगळं अंग उन्हातून आल्यासारखं लालबुंद. पट्टीला पू नाही, वास नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, व्हायरल असेल. उद्यापर्यंत वाट बघू का?

दीपाली सिस्टर: ताई, अजिबात थांबू नका, आधी रिक्षा बोलवा. लहान मुलांच्या आयसीयूत माझी चौदा वर्षं गेली. भाजल्यावर दोन-चार दिवसांत ताप, लाली, जुलाब-उलट्या एकत्र आल्या की आम्हाला पहिली भीती टॉक्सिक शॉकची, म्हणजे जंतूंच्या विषानं बीपी कोसळण्याची. जखम छोटी, स्वच्छ दिसते, तिथंच फसगत होते. स्टॅफिलोकॉकस जंतू जखमेत राहूनच विष सोडतात, ते रक्तात उतरतं. मोठ्यांच्या अंगात त्या विषाविरुद्ध बहुधा अँटिबॉडी तयार असतात, एवढ्याशा पोरांत नसतात.

हातपाय गार पडलेत का? लघवी कधी झाली? लहान मुलांचं बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून बीपी चांगलं आहे म्हणून कुणी घरी पाठवलं तर ऐकू नका. दारातच सांगा, 'परवा भाजलंय', आणि पट्टी सोडायलाच लावा. एका पोराची पट्टी आमच्याकडे येईपर्यंत कुणी उघडलीच नव्हती, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

जखम धुतील, सलाईन लावतील. अँटिबायोटिकसोबत क्लिंडामायसिन देतात का विचारा, त्यानं जंतूंचं विष बनवणंच थांबतं. आजार जास्त असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडी) देतात. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का बघण्याच्या तपासणीत, काही आलं नाही तरी हा आजार असू शकतो.

मीनल: हे पाळीत वापरतात त्या टॅम्पॉनमुळं होतं ना?

दीपाली सिस्टर: त्यानंही होतं. पण १९७८ मध्ये डेन्व्हरच्या डॉ. जेम्स टॉड यांनी हे नाव दिलं तेव्हा त्यांचे सातही रुग्ण ८ ते १७ वर्षांचे होते, त्यात मुलगेही होते. टॅम्पॉनचा गाजावाजा १९८० चा.

चिऊची आई: अकरा दिवसांनी लिहितेय. पाच दिवस आयसीयूत होती. परवा घरी आलो. आज तिच्या बोटांच्या टोकांची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटतेय. घाबरू का?

दीपाली सिस्टर: नाही ताई, या आजारात तसं होतंच. ओढू नका, आपोआप गळू दे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा.