अनुभव धागा: रोजच्या जगण्यात विश्वास आणि हिंमत

परळकर
काल ठाणे स्लो लोकलमध्ये दारापाशी एक मुलगी उभी होती. वडापावचा कागद सोडला, डोळे मिटले, ओठ हलले, मग घास. शेजारच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिला काही फरक नाही.

मला दादा आठवले, म्हणजे वडील. गिरणीत टाइमकीपर. कँटीनमध्ये डबा उघडला की प्रार्थनेला असेच डोळे मिटायचे. तेवढ्यात कोणी बांगड्याचा तुकडा पळवायचा. दादा डोळे उघडून म्हणायचे, "ज्याने घेतला त्याला आशीर्वाद, पण काटा जपून."

मग १९८२ चा संप. मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, तांदूळ यायचा, तो दादा चाळीत वाटायचे. जो लपून कामावर जायचा त्याच्याही दारात जायचे. एकदा संपवाल्यांनी जिन्यात अडवलं. दादा म्हणाले, "पोरं त्याचीपण जेवतात." एवढंच. हात थरथरत होते, पिशवीतून तांदूळ सांडत होता आणि मी मागून वेचत होतो.

ख्रिस्ताचं शिष्यत्व म्हटलं की मला तो जिना आठवतो. तुमचेही असे प्रसंग असतील, लिहा. चर्चमध्ये साक्षीच्या सभेत आपापले अनुभव सांगतात तसं चकाचक करून नको.

नाइट ड्युटी
डबा खाता खाता लिहितेय. हॉस्पिटलात सिस्टर आहे. रात्री नातेवाइकांचा घोळका अंगावर येतो तेव्हा आवाज न चढवणं, ही आमची हिंमत. नवीन होते तेव्हा बाथरूममध्ये जाऊन बायबलमधलं यहोशवा १:९ म्हणायचे, "खंबीर हो, हिंमत धर". आता मनातच, तेही अर्धं, कारण बेल वाजते. वाजली. आले.

हिशोबनीस
साहेबांनी मागच्या तारखेचं बिल बनवायला सांगितलं. नाही म्हटलं. शौर्यबिर्य काही नाही, पोटात गोळा आणि तोंडातून "सर, जमणार नाही".

मेगाब्लॉक पीडित
मग? नोकरी?

हिशोबनीस
नोकरी राहिली, इन्क्रिमेंट गेलं. गंमत म्हणजे त्याच साहेबांच्या मुलीच्या लग्नात आहेराची पाकिटं मोजायला मलाच बसवलं.

मेगाब्लॉक पीडित
😂😂 आम्हा हार्बर लाइनवाल्यांची परीक्षा वेगळी. रविवारी उपासनेला जाताना गाडी मिळते, परतताना मेगाब्लॉक, गाड्या बंद. आमचे पाळकसाहेब अकराला पाच कमी असताना म्हणतात, "शेवटचा मुद्दा". तिथून पुढे अजून तीन मुद्दे. कुर्ल्याला बसून सहनशीलता शिकतो.

शब्बाथ शाळेची मावशी
हिशोबनीस बाळा, गोळा येऊ दे. बायबलमधल्या निकदेमाचं बघ, तो यहूदी पुढारी. योहान ३ मध्ये येशूकडे रात्रीचा येतो. ७ मध्ये सभेत एवढंच विचारतो की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का, तर लगेच "तूही गालीलातला का?" म्हणून त्याला गप्प करतात. आणि १९ मध्ये बहुतेक शिष्य पांगलेले असताना हाच येशूच्या दफनासाठी सुमारे शंभर रत्तल गंधरस आणि अगरू घेऊन येतो. शंभर रत्तल काही झग्यात लपत नाही! मी मुलांना तिन्ही अध्याय एकदमच शिकवते, नाहीतर त्यांना तो नुसता भित्रा वाटतो.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला इथेच मुंबईत झाला, त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, पाच वर्षांनी घेतला. मधल्या काळात त्या काय कमी भांडल्या-रडल्या! वेळ लागतो रे. (चुका सांभाळून घ्या, नातू मांडीवर आहे.)

वसईवाला
लहानपणी आमच्या धर्मगुरू-लेखक फादर दिब्रिटोंच्या हरित वसई चळवळीच्या मोर्चाला बाबांच्या खांद्यावर बसून गेलोय. टँकरवाले पाणी उपसत होते, विहिरी खाऱ्या होत होत्या. आई म्हणायची, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जा आणि गप घरी या. बाबा मिस्सा संपली की थेट सभेला. २०२० ला फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही विरोध झालाच. तब्येत बरी नसताना गेले, बोलले. आमच्या वाडीत आता केळी किती उरलीत ते मात्र विचारू नका.

माहीमची सून
माझं माहेर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक, सासर लालबागचं. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायचे आणि घरी सांगायचे ऑफिसात उशीर झाला. शेवटी धीर करून सासूबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मला कशाला घरी ठेवून जातेस?" आता त्याच चप्पल घालून आधी दारात. मागच्या बुधवारी नवसाचं मेणाचं घर घेतलं वाहायला, रिडेव्हलपमेंट अडकलंय ना. मी म्हटलं, आई, टू बीएचकेवालं मिळतंय का विचारू?

परळकर
सासूबाईंना जय ख्रिस्त सांगा 🙏 आमच्याही बिल्डरसाठी एक घर घ्या.

मेगाब्लॉक पीडित
ईस्ट इंडियन म्हणालात म्हणून विचारतो. बाटली मसाला घरचा मिळेल का? बाजारातल्याला तो वास नाही.

माहीमची सून
आई मे महिन्यात करते, पाऊस यायच्या आत. मिरच्या गच्चीत वाळवून, कुटून, बिअरच्या बाटल्यांत ठासून. हवा असेल तर रिकामी बाटली तुमची तुम्ही आणा.

हिशोबनीस
रविवारी बिअरची बाटली घेऊन पाळकसाहेबांसमोर उभं राहायचं? मी निकदेमासारखा रात्री येतो.

शब्बाथ शाळेची मावशी
वाचतेय हो मी!!

नाइट ड्युटी
आत्ता सुटले. माझ्यासाठीपण एक बाटली, तिखट कमी. आणि मावशी, नातू झोपला का?