बी विंगखालची खडखड (सोसायटी ग्रुप, गुरुवार सकाळ)

कुलकर्णी, बी-२०१: आज परत सव्वासहाला तोच आवाज. बेडरूमच्या खिडकीखाली गाडी चालू करायची, खडखड वाजवायची. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल. मुलीची बारावी आहे. 🙏

शिंदे, बी-३०४: नाव घ्या की साहेब. पार्किंग लॉटरीत निघालेलं आहे, मी मागून घेतलं नाही. दोन-चार सेकंद वाजतं अन् बंद होतं. रात्री दीडला टँकरची मोटर चालते तेव्हा कुणाची बारावी नसते का?

देशपांडे काकू, ए-१०३: टँकरचं निघालंच आहे तर सांगते, ए विंगची टाकी कालही अर्धीच भरली. बी विंगची मात्र वाहत होती.

सचिव: पाण्यावर रविवारी मीटिंगमध्ये बोलू. मेंटेनन्स बाकी असलेल्यांनी कृपया भरावा.

पवार, सी-४०२: शिंदे भाऊ, गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच वाजायली ना? गरम झाल्यावर नाही? इंजिन कोणतं?

शिंदे, बी-३०४: हो, सकाळीच. १.० टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडर. कंपनीचं नाव ग्रुपवर नको. शोरूमवाला म्हणला होता टायमिंग चेन आहे, आयुष्यभर बघायचं काम नाही.

पवार, सी-४०२: बघायचं काम असतं भाऊ. पिस्टन अन् व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या या चेनच्या पिना-बुश झिजले की चेन लांबते. तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी दाब यायला उशीर झाला की ढिली चेन आपटते, तीच ही खडखड असू शकते. फार लांबली तर दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिनचं हेड (वरचा भाग) खोलावं लागतं.

कुलकर्णी, बी-२०१: माहिती छान. मूळ मुद्दा आवाजाचा आहे.

जाधव, सी-१०१: काका, चेन तुटली की आवाज कायमचाच बंद होतो 😄

शिंदे, बी-३०४: जाधव, हप्ते मी भरायलोय.

देशमुख काका, ए-३०१: एवढं कशाला? २०डब्ल्यू-५० जाड ऑइल टाका, आवाज गायब. आमच्या जुन्या जीपला तेच टाकायचो.

पवार, सी-४०२: काका, जीपला चाललं असेल, इथं उलटं होईल. जाड ऑइल थंडीत टेन्शनरपर्यंत अजून उशिरा पोचतं. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० असेल तर तेच, अन् त्यातही कंपनीने लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचं. शिंदे भाऊ, ऑइल कधी बदललं?

शिंदे, बी-३०४: दहा हजार कुठं झालेत? घर ते क्रांती चौक, एवढंच चालते. बदलून दीड वर्ष झालं असेल. अन् आता आठवलं, परवा सिग्नलला लाल किटलीचा दिवा, ऑइलच्या दाबाचा, लुकलुकला. रेस केली की गेला.

पवार, सी-४०२: हे आधी सांगायचं होतं! गाडी चालू करू नका.
छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून १० हजार किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. काही नव्या छोट्या इंजिनांत टायमिंगला चेन असते, पण ऑइल पंप फिरवायला ऑइलमध्येच बुडालेला रबरी पट्टा असतो. ऑइल चुकीचं किंवा पेट्रोल मिसळलेलं असलं की रबर मऊ पडतं, त्याचे काळे तुकडे सम्पमधल्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) जाळीत अडकतात. पंपाला ऑइल ओढता येत नाही, दाब पडतो. पट्टाच तुटला तर पंप बंद, मग इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

जाधव, सी-१०१: असं खरंच होतं का? चेन आहे म्हणून आम्ही निवांत होतो.

पवार, सी-४०२: शिंदे भाऊंच्या गाडीबद्दल नाही, उदाहरण म्हणून सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डने १.० लिटरच्या इकोस्पोर्ट आणि फोकस, सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या, कारण ऑइल पंपाच्या पट्ट्याचा टेन्शनर. प्रत्येक इंजिनात हा पट्टा नसतो. तुझ्या वॅगनआरमध्ये साधी चेन आहे, पण ऑइल वेळेवर तिलाही लागतंच.

कुलकर्णी, बी-२०१: मूळ मुद्दा आवाजाचा होता, परत आठवण करून देतो.

शिंदे, बी-३०४: पवार भाऊ, शनिवारी आईला घेऊन तुळजापूरला जायचंय. फक्त ऑइल बदलून निघालो तर?

पवार, सी-४०२: नाही. अडीचशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, बीडच्या पुढं दिवा लागला तर आईला उन्हात घेऊन कुठं उभं राहणार? आधी प्रेशर स्विच काढून गेज लावायला सांगा. दाब कमी निघाला तर सम्प खोलून जाळी बघा. काळं रबर दिसलं की पट्टा अन् ऑइल दोन्ही बदला, नुसती जाळी धुऊन घेऊ नका. दाब बरोबर असेल तर स्कॅनर लावा. पी००१६ कोड आला तर चेनचं टायमिंग तपासायला लावा.

देशपांडे काकू, ए-१०३: शिंदे, आईंना बसने न्या, नाहीतर भाड्याची गाडी करा. देवी कुठं जात नाही. सचिव, अर्ध्या टाकीचं उत्तर अजून आलेलं नाही.

शिंदे, बी-३०४: टोइंगला फोन केलाय, अकराला येतो म्हणला. गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची आहे, काढा.

कुलकर्णी, बी-२०१: माझी आहे, काढतो. दुरुस्तीनंतर पार्किंग बदलण्याचं तेवढं बघा.

शिंदे, बी-३०४: आधी गाडी काढा साहेब.